विमलच्या आईला कोणी सांगितलं नाही

बसा, सगळे बसा. मागे उभे आहात त्यांनीही पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. इथे सुरतेत, उधन्याच्या या हॉलमध्ये इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. आलात, बरं केलंत. छत्तीस वर्षं मी वर्गात बोलले, कधी कागद लागला नाही. आज चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या आता पर्समध्येच राहतील. का, ते सांगते.

जिच्यासाठी आपण जमलो ती विमल सोनवणे. मी तिची बाई. आठवीपासून तिला इंग्रजी शिकवलं. पुढे ती गणिताची शिक्षिका होऊन आमच्याच शाळेत आली. सहा वर्षांपूर्वी ती आफ्रिकेत, झांबियातल्या एका लहान गावात शिकवायला गेली. गेल्या मंगळवारी तिचा भाऊ भास्कर, त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. विमल गेली. मलेरिया मेंदूत चढला. वय एकेचाळीस. फोन करणारे तिथले दुकानदार, मूळचे आपल्या कामरेजकडचे. त्यांनी आणि तिच्या विद्यार्थ्यांनी तिला अग्नी दिला.

मी नाशिकला बहिणीकडे होते. आज गाडीतून उतरून थेट इथे आले. वाटेत स्वतःला म्हणत होते, याहून मोठा धक्का आता काय बसणार?

बसला. याच दारात बसला. मी चप्पल काढत होते, तर एक बाई माझ्या कानाशी लागल्या. "बाई, जाताना पेढे घ्यायला हवेत हं. नाहीतर म्हातारीला संशय येईल."

मी म्हटलं, "कसले पेढे?"

"अहो, साखरपुड्याचे! भास्करभाऊंनी आईला सांगितलंय ना, आम्ही सगळे साखरपुड्याला चाललोय म्हणून."

ऐकलंत? तुम्हाला ठाऊकच होतं म्हणा. या हॉलमध्ये ठाऊक नव्हतं ते मला एकटीला. आणि तिकडे पर्वत पाटियाला, घरी, विमलच्या आईला. ती या घटकेला दारात बसून मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत असेल. पोरगी जाऊन पाच दिवस झाले आणि आईच्या घरात सुतक नाही. डाळीला फोडणी पडतेय. टीव्ही चालू आहे. भास्करची मुलगी मोरीत नळ सोडून रडते, असं तिनंच मला आता सांगितलं.

भास्कर, बस. मघाशी तू बोललास, तेव्हा मी मधे बोलले का? मग.

विमल तिकडे कशी राहिली, ते मला तिच्या पत्रांमुळे माहीत आहे. पहिल्या दिवशी ती वर्गात गेली, तर मुलांनी गुडघे वाकवून हलकेच टाळ्या वाजवल्या. हिला वाटलं, थट्टा करतात. अशी भडकली! मग हेडमास्तरांनी सांगितलं, मॅडम, इथं थोरामोठ्यांना नमस्कार असाच करतात. तिनं लिहिलं, "बाई, मी नमस्काराला शिक्षा करायला निघाले होते." फार राग आला की ती मराठीतून ओरडायची. मुलं हसायची. मग तीही हसायची. पण शाळा सुटली की मराठी कोणाशी बोलणार? मक्याच्या पिठाची भाकरी थापताना एकटीच मोठ्यानं बोलायची. आईशी, अण्णांशी, म्हणजे तिच्या वडिलांशी, माझ्याशी. "तुम्ही उत्तर देत नाही, एवढीच अडचण आहे," असं लिहिलं होतं.

ती जायला निघाली, तेव्हा इथलीच माणसं काय म्हणत होती, ते मला आठवतं. बिनलग्नाची बाई एकटी परदेशात कशाला जाते? आज त्यांनीच तिला समाजाचं भूषण म्हटलं. असू द्या. माझा राग त्याच्यावर नाही.

माझा राग आपल्या एका सवयीवर आहे. माणूस लांब गेलं, की त्याला वाईट कळवायचं नाही. लांब आहे, एकटी आहे, कशाला जिवाला घोर? प्लेगच्या वेळी आठवतं? अर्धं सुरत मिळेल त्या गाडीनं पळालं. भास्करही बायकापोरं, आई-अण्णा घेऊन अमळनेरला गेला. आणि विमलला पत्र काय गेलं? इकडचं सर्व ठीक आहे, काळजी नसावी. ती तिकडे रेडिओवर सुरतचं नाव ऐकत होती!

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. तिच्या वर्गातल्या मुलांची परीक्षा जवळ आली होती. भास्कर म्हणाला, "बाई, सुट्टीत येईल तेव्हा सांगू." मी काय केलं? हो म्हटलं. मी. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर खोटं बोलणारीला वर्गाबाहेर उभं करायच्या, हे तुम्हाला आयुष्यभर ऐकवणारी मी. चार महिने मी माझ्या हातानं लिहिलं, अण्णा बरे आहेत. विमल आली ती अण्णांच्या सुजलेल्या पायांसाठी मऊ चामड्याच्या चपला घेऊन. दारातच म्हणाली, "अण्णा कुठे गेले?" मग तिनं भिंतीवर हार घातलेला फोटो पाहिला.

रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, भास्करचं सोडा. तुमचं अक्षर मी खरं मानत होते."

तेव्हा आम्हाला काहीच कळलं नाही. तिला मात्र बरोबर कळलं. लांबच्या माणसाशी कसं वागायचं, ते ती आमच्याकडूनच शिकली. कारण या खेपेला तिला तीन आठवडे ताप होता. दुकानदारांच्या पत्नी म्हणत होत्या, घरी फोन करू या. त्यांना तिनं शपथ घातली. "नको. लांब आहेत ते. काय करणार? उगाच घाबरतील."

हुशार विद्यार्थिनी होती माझी. धडा चुकला नाही.

आता भास्कर मला काय म्हणाला, तेही ऐका. त्या बाईंनंतर मी त्यालाच गाठलं. तो म्हणाला, "बाई, दिवाळीपर्यंत निभावून न्या. तुम्ही रविवारी येताच. एखादं जुनं पत्र काढून वाचा. तिला कुठे वाचता येतं?"

खरं आहे, तिला वाचता येत नाही. दर रविवारी मी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत ती विचारते, "विमलनं पत्र उनं का, बाई?" विमलचं पत्र आलं असलं, की मी वाचते. ती पुन्हा वाचायला लावते. पत्र हातात घेऊन तिकीट बघते, त्यावरचा पक्षी बघते. भास्कर, आईला अक्षर ओळखता येत नसेल, पण जुनं पत्र ओळखता येतं. प्रत्येक पक्षी तिला पाठ आहे.

काय म्हणालास? डॉक्टर? ब्लडप्रेशर? मला ठाऊक आहे. तू क्रूर नाहीस. तिकडे सचिन गावातल्या मिलमध्ये दिवसभर राबून आईच्या गोळ्या विसरत नाहीस, हेही मी बघते. पण त्या बाईनं दोन मुलं लहानपणी मातीला दिली. नवरा दिला. दुःख सोसणं तिला येतं. तिला येणार नाही ते हे, की दिवाळीला कळेल, पोरीसाठी सगळं गाव रडून मोकळं झालं आणि आपण तेव्हा फोडणीचं वरण जेवत होतो. तिच्या पोरीवर तिचा रडण्याचा पहिला हक्क आहे. आपण इथे बसून तो वापरतोय. कोणाच्या परवानगीनं?

डॉक्टरांना बरोबर घेऊ. गोळी आधी देऊ. जे करायचं ते करू. पण आज.

ही सभा मी मोडत नाही. आपण आता दोन मिनिटं उभे राहू. मग मी रिक्षा करून पर्वत पाटियाला जाणार आहे. यायचं त्यांनी यावं. भास्कर, तेवढ्या दोन मिनिटांत तू एकच ठरव. आईला तू सांगणार, की मी? तू सांगावंस असं मला वाटतं. मी तिचा हात धरून बसेन.

विमल, बाईनं विद्यार्थिनीला नमस्कार करायची रीत नाही. मी करते.

उभे राहा.