सतरा एकांची संख्या

हणमंतराव : ...आता हे ऐनवेळी कशाला, सिंधु? वडिलांच्या सत्काराला आलीस का सत्कार मोडायला?

सिंधु : सत्कार न्हाई मोडत, सर. संख्या मोडली. एकापुढं एक असे सतरा एक लिहिले की होते ती. बाबांना वाटायचं, तिला कशानंच भाग जात न्हाई. जातो.

शेषेराव : कोण म्हणतं?

सिंधु : विष्णुपुरीला आमच्या कॉलेजातला कॉम्प्युटर.

हणमंतराव : नांदेडचा ना? त्याला लातूर जिल्ह्याचं चांगलं कसं बघवेल?

सिंधु : सर, त्याला जिल्हे कळत न्हाईत.

हणमंतराव : मला मुख्याध्यापक म्हणून कळतात. उस्मानाबादेतून फुटून झालेला नवा जिल्हा, त्याला अभिमानाचं काहीतरी पाहिजे. आज सतरा सप्टेंबर, मराठवाड्याचा मुक्तिदिन. गुरुजींचे सतरा एक. फाटकावर कमान लावलीय, 'अभंग संख्या, अभंग जिल्हा'. कशाची कमी हाय?

शेषेराव : पाण्याची.

हणमंतराव : तेही आणलंय. टँकर मागं उभाच हाय. भाषणं झाली की सोडायचा. म्हणून तर मंडप भरला.

शेषेराव : आणि मी समजलो, अहमदपुराला गणिताची गोडी लागली.

सिंधु : बाबा, तुम्ही कुठपर्यंत भागून बघितलं होतं?

शेषेराव : वीस लाखापर्यंत. मग डोळ्यांनी दगा दिला. यांना सांगितलं होतं, वीस लाखापर्यंत भाग जात न्हाई, पुढचं बघायचं राहिलंय.

हणमंतराव : एवढं सगळं कमानीवर बसत नव्हतं, गुरुजी.

शेषेराव : अवयव सांग, सिंधु.

सिंधु : धाकटा वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.

शेषेराव : वीस लाख... एकाहत्तर हजार? अगं, उंबऱ्यावरूनच माघारी फिरलो की मी. थोरला?

सिंधु : पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न.

शेषेराव : तीन साती एकवीस. शेवटी एक येतो खरा. तो खडू दे इकडं.

हणमंतराव : गुरुजी, पाहुणे खोळंबलेत. गुणाकार उद्या करा. आज फक्त शाल घ्या, नमस्कार करा.

शेषेराव : दम धरा, साहेब... हातचा चार... हं. आले. सगळे एकच आले, सतराच्या सतरा.

हणमंतराव : फळा पुसून टाका. बाहेर कुणाला काय कळणार हाय?

शेषेराव : मला कळलं ना आता.

(संध्याकाळी, एसटी स्टँडवर. शेषेरावांच्या खांद्यावर शाल नाही.)

सिंधु : माइकवर चांगलं बोललात.

शेषेराव : ही संख्या फुटली म्हणलं. कशी फुटली तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सिंधु : टँकर सुरू झाला होता तेव्हा.

शेषेराव : ते मलाबी दिसलं. हणमंतराव मात्र हुशार. लगेच उठून म्हणाले, दोन अवयव म्हणजे लातूर आणि उस्मानाबाद, एका संख्येचे दोन भाऊ.

सिंधु : त्यांचं काहीच वाया जात न्हाई.

शेषेराव : माझं गेलं. बहात्तरच्या दुष्काळात वर्ग रिकामे पडले. पोरं आईबापासंगं खडी फोडायला गेली. मी एकटा वर्गात बसून काय करू? ही फोडायला घेतली. पुढं सवयच लागली.

सिंधु : राग आला का माझा?

शेषेराव : उद्या सांगितलं असतंस तर आला असता.

सिंधु : नांदेडची गाडी लागली वाटतं.

शेषेराव : जा. खिडकीकडं बस... सिंधु, त्या मशीनला किती वेळ लागला?

सिंधु : नका विचारू, बाबा.

शेषेराव : सांग की.

सिंधु : आम्ही चहा सांगितला होता. तो यायच्या आत झालं.

शेषेराव : बरं. चहा तरी चांगला होता का?