दिवसभरासाठी एक कुत्री

एलुनेद : आणि त्या शहरातल्या पाळणाघरात काय झालं? तिथे म्हणे कुत्र्यांना झोपायला सोफे आहेत.

गेथिन : चाळीस कुत्री एका हॉलमध्ये, मावशी. आमच्या नेलनं सकाळीच सगळ्यांना एका कोपऱ्यात गोळा केलं आणि संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. पंजे फुटले तिचे. बाई म्हणाली, उद्यापासून आणू नका, लॅब्राडोर रडतात.

एलुनेद : मेंढ्यांमागची कुत्री ती. तुला काय वाटलं, चेंडू खेळेल?

गेथिन : नदीपलीकडच्या पाळणाघरात पिंजरे. दारातूनच परत फिरलो. आता तुमचंच राहिलंय. तुम्ही पाचच ठेवता म्हणे.

एलुनेद : चार. एक म्हातारा परवा गेला. घरी ठेवायला काय झालं हिला?

गेथिन : आमचं रान गेलं ना. झाडं लावणाऱ्या कंपनीनं घेतलं. मेंढ्या विकल्या, मी कोंबड्यांच्या कारखान्यात लागलो, सात ते चार. पण मेंढ्या विकल्या हे हिला कोण सांगणार? मी गेलो की कुंपण ओलांडते, शेजारच्या इद्रिसच्या मेंढ्या गोळा करते आणि आमच्या रिकाम्या मेंढवाड्यात आणून उभ्या करते. चावत नाही हं. कुणाला एक ओरखडा नाही.

एलुनेद : गाभण होत्या?

गेथिन : ...दोघी गाभडल्या.

एलुनेद : मग तो बंदूक काढणारच.

गेथिन : म्हणाला, तुझ्या वडिलांकडे बघून एकदा सोडलं. पुढच्या वेळी फोनसुद्धा करणार नाही.

एलुनेद : बांधायचं.

गेथिन : दोर कुरतडते. मग मी एक केलं. निघताना अंगणात तिला ‘बस खाली’ सांगितलं आणि गेलो.

एलुनेद : आणि?

गेथिन : आलो तेव्हा तिथेच होती.

एलुनेद : नऊ तास?

गेथिन : मधे गारा पडून गेल्या. पाणी हातभर लांब, प्यायली नाही. अंगाखाली सगळं ओलं, तिचंच. अकरा दिवस केलं मी हे, मावशी. दुपारी कुणीतरी तिला ‘ऊठ’ म्हणायला पाहिजे. एवढंच शोधतोय मी. बाकी सोफा नको, काही नको.

एलुनेद : बसव तिला इथे. आणि जा गाडीपाशी. वळायचं नाही.

गेथिन : नेल. बस खाली.

एलुनेद : नेल, ऊठ.

नेल : —

एलुनेद : ऊठ गं, बाळा. ये.

नेल : —

गेथिन : (गाडीपाशी, पाठमोरा) वेल्शमध्ये सांगा. इंग्रजी तिला कळत नाही.

एलुनेद : मग मी काय फ्रेंच बोलतेय? नेल, हे बघ, कलेजी.

नेल : —

गेथिन : वास तरी घेतला?

एलुनेद : माझ्या हाताकडे बघतसुद्धा नाही. तुझ्या पाठीकडे बघतेय.

गेथिन : नवीन जागा आहे. दोन-चार दिवस गेले की...

एलुनेद : नाही रे. संध्याकाळी तू येणार हे माहीत आहे, तोवर ती माझ्या सांगण्यानं उठणार नाही. कुत्रं विकल्यावर जुना मालक फिरकत नाही, ते काय उगाच? तुझ्या बापानंच शिकवलंय मला हे.

गेथिन : मी विकायला नाही आलो.

एलुनेद : मी विकत घेतही नाहीये. बारा मेंढ्या उरल्यात माझ्या, आणि गुडघे गेलेत. तिला काम मिळेल. पण दिवसापुरती नाही ठेवणार.

गेथिन : महिन्यानं बघायला येईन.

एलुनेद : आलास की परत पहिल्यापासून.

गेथिन : लांबून. तुमच्या खिडकीतून.

एलुनेद : तुझा वास घेऊन वारा कुठे जातो ते तुझ्या हातात आहे? नाहीतर घेऊन जा. तुझं अंगण आहे. इद्रिसचं रान आहे.

गेथिन : मका देऊ नका. पोट बिघडतं तिचं.

एलुनेद : नाही देणार.

गेथिन : जाताना एकदा ‘ऊठ’ म्हणू? एकदाच.

एलुनेद : म्हणालास तर धावत येऊन गाडीत बसेल. कर गाडी सुरू.

गेथिन : उठली का?

एलुनेद : नाही अजून. तू नीघ.