आरेच्या म्हशीने निवडलेला कॅमेरा

माझा कॅमेरा कुणी निवडला, सांगू? आरेतल्या म्हशीने! घाटकोपरच्या दुकानदाराने दोन जुने कॅमेरे एका दिवसापुरते दिले होते. "लख्ख आभाळ आणि काळी झाडी, दोन्ही एकाच फोटोत नीट उमटतील तो ठेवा."

आरे कॉलनीत मी भीत भीत एकेका कॅमेऱ्याने डोंगरांचे फोटो काढत होते. मैत्रीण शुभा ओरडली, "अगं, कॅमेरा चावत नाही!" तेवढ्यात मागून मानेवर फुस्स! मी किंचाळत पळाले, लांब जाऊन वळले आणि बटण आपोआप दाबलं गेलं.

फोटो आले. डोंगर सगळे हललेले. एकाच फोटोत काळीभोर म्हैस आणि तिच्या पाठीवर पांढराशुभ्र बगळा. तिचे केस मोजावेत, त्याची पिसं मोजावीत!

"झकास! हाच कॅमेरा घ्या, ताई," दुकानदार म्हणाला. "तुमची निवड चांगली आहे."

"हिची कसली, काका?" शुभा म्हणाली. "ही तर पळत होती. गिऱ्हाईक फोटोत आहे."