चौथी जागा

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाई शेजारच्या मायलेकींचं बोलणं ऐकता ऐकता ठणकासुद्धा विसरल्या.

“आई, या वयात लग्न करतेस ते कर. पण डोंगरमाथ्यावर? हेलिकॉप्टरनं?”

“तिथे रस्ताच जात नाही, बाई.”

“तेच म्हणतेय! नातेवाईक कसे पोचणार?”

“म्हणून तर.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. त्या पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येणार नाही.”

“अगं, माळ्यावर चढताना तुला चक्कर येते!”

“डोळे मिटून जाईन, पण जाईन. पायलट, आम्ही दोघं, आणि एक जागा उरते. प्रत्येकाचं वजन कळवायचंय. तुझं किती?”

“मी येणार असं कुठे म्हटलं?”

“किती?”

“अठ्ठावन्न.”

“हेलिकॉप्टर आहे गं. खरं सांग.”

“चौसष्ट. आणि खिडकीपाशी मी बसणार.”