दारातली पांढऱ्या काठाची तगर

माझं माहेर जवळा बाजारच्या अलीकडं. बाप हिंगोलीला एका सायबाच्या बागेत कामाला होता, तिथून त्यानं तगरीचं रोप आणलं, तगर तुमी पाह्यलीच असंल, पर ही ठेंगणी, गच्च वाढायची, फुलं पांढरीच अन् हरेक पानालाबी पांढरा काठ, मधी पांढरे पट्टे. बाप म्हणायचा हिला ऊन पाहिजे, सावलीत पट्टे जातेत, म्हणून ऐन दारापुढं लावली. काय सांगू तुम्हाला, झाडाला कोड फुटलंय म्हणून बाया बघाया यायच्या, अन् झाडावरची नजर मग माझ्या हातापायावर. मी लगनाची झालते.

एक पाहुणे आले, झाड बघून पाणीबी न पेता गेले. मी म्हणलं चुलतीनंच कान भरले, दुसरं कोण. माय म्हणाली उपटून टाका, बापानं ऐकलं न्हाई. मग वारंग्याकडचे आले. पोराच्या मायनं पानं उलटीपालटी करून पाह्यली, म्हणाली दारातच काहून लावलं, बाप म्हणाला ऊन लागतंय बाई, अन् लपवायचं काय त्यात. तिनं माझ्या हाताकडं बघितलंबी न्हाई अन् पोरगी पसंत म्हणाली, वर म्हणती येताना ह्याची फांदी घेऊन ये. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

सासरी फांदी सासूनं सोताच्या हातानं दारापुढं लावली. पर एखादा निस्ता हिरवा फुटवा आला की विळ्यानं छाटायची. मी म्हणायची, आत्याबाई, जोमाची फांदी काहून कापून राहिल्या, ती म्हणायची हिरवी ठेवली की तीच पसरती, पट्ट्याची दबून जाती. मला पटायचं न्हाई, माझ्या माहेरचं झाड हिला खुपून राहिलं असंच वाटायचं. अन् न्हाताना कुणाला जवळ येऊ द्यायची न्हाई, पाठ चोळू द्यायची न्हाई. मी म्हणायची कमरेला दागिनं बांधलेत म्हातारीनं, पोरींना द्यायला.

मग रझाकाराची धामधूम झाली, आमी पैनगंगा उतरून वऱ्हाडात पळालो. थंडीचे दिस, पाणी छातीला. पल्याड आत्याबाई लटलट कापून राहिली, मी ओलं लुगडं सोडाया गेले, तिनं हात धरला, मग सोडून देला. दागिना कसला, पाठभर, कमरेभर पांढरे चट्टे. ती म्हणाली तुझ्या सासऱ्याबिगर कुणाला ठाऊक न्हाई, तुझ्या बापानं ते पान दारात, उन्हात ठेवलं, तवाच म्हणलं ह्या घरची पोरगी मला घराबाहीर काढायची न्हाई. मी रडले, ताई. तिच्याविषयी काय काय मनात आणलं होतं मी.

आता निजामाचं राज गेलं, आमी परत आलो. तगर कुणी बुडातून तोडली होती, पर फुटली. मी न्हायाला आडोसा बांधलाय, उन्हात बसवून आत्याबाईची पाठ चोळते. जावा इचारतेत आडोसा कशाला, मी म्हणते तुमाला काय करायचं. हे सांग म्हणून तीच म्हणाली, पर माझा जीव मानत न्हाई, तुमी लिहिताना गावाचं नाव टाकू नका, कोण कुठं वाचील. तुमचं भलं होवो. तेवढा विळा द्या इकडं, तिला आता दिसत न्हाई, हिरवा फुटवा आलाय.