झाकून ठेवलेलं ताट

अपोंडी : खून करवणारे वर बसलेत. त्यांनीच चौकशी नेमली, त्यांच्याच चहाबिस्किटांवर साक्षी झाल्या. आणि निघालं काय? ‘अज्ञात इसम’!

ओंडिगो : वहिनी, हळू. बाहेर ड्रायव्हर आहे.

अपोंडी : ऐकू दे त्याला. भावजी, किसुमूच्या भर बाजारात माझ्या नवऱ्याला गोळ्या घातल्या. सरोवराकाठची जमीन कुणी गिळली, ते तो सोमवारी संसदेत सांगणार होता. मासळीवाल्या बायकांनी सगळं पाहिलं. जिवावर उदार होऊन तुमच्या समितीपुढे आल्या. तुम्ही अध्यक्ष! काय विचारलंत त्यांना? ऊन कुठल्या बाजूचं होतं!

ओंडिगो : सिनेटला पुरावा लागतो. बाजारगप्पा चालत नाहीत.

अपोंडी : कबरीपाशी तर माइक फुटेस्तोवर ओरडलात. ‘ओबिएरोचं रक्त वाया जाऊ देणार नाही!’ पत्रकार आले, वकील आले, सगळ्यांना मी दारातून परत पाठवलं. म्हटलं, सिनेटमध्ये आपला माणूस आहे.

ओंडिगो : मी जीव तोडून काम केलं, वहिनी.

अपोंडी : जीव त्याचा गेला. तुमची मंत्रिपदाची शपथ कधी आहे?

ओंडिगो : त्याचा इथे काय संबंध?

आई : अगं सूनबाई, आल्या आल्या काय त्याला फाडून खातेस? माझा ओबिएरो आणि हा, एका ताटात जेवलेली पोरं. हात पुढे कर लेका, पाणी घालते. रश्श्यातला मासा आहे, मक्याच्या पिठाची उगाली गरम आहे.

ओंडिगो : नको, आई. विमान गाठायचंय.

आई : माझ्या पोराला पुरलं त्या दिवशीही जेवला नाहीस. बैल कापला होता, सगळं गाव जेवलं. मेले पोलीससुद्धा जेवले! तुझं ताट मी झाकून ठेवलं. संध्याकाळी कुत्र्याला घातलं.

अपोंडी : थांबा, आई. हे जेवले नव्हते?

ओंडिगो : पोट बिघडलं होतं.

अपोंडी : आणि आज विमान. आपल्यात मयताच्या घरी कोण जेवत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या मरणात ज्याचं अंग आहे, तो. जेवला तर तेच अन्न त्याला खातं.

ओंडिगो : मी वकील आहे, वहिनी. असल्या भाकडकथा...

अपोंडी : मग जेव.

ओंडिगो : काय पोरखेळ हा!

अपोंडी : एकच घास. भाकडकथा ना? घाल तोंडात.

(आई तांब्या धरून उभी. तो हात पुढे करत नाही.)

ओंडिगो : गोळी मी झाडली नाही. कुणाला झाडायलाही सांगितली नाही. देवाशप्पथ!

अपोंडी : मी कुठे तसं म्हटलं? पण त्या दिवशी ना समिती होती, ना साक्षीदार. कबरीची माती ओली होती, आणि तुझा हात ताटाकडे जाईना. म्हणजे तुला तेव्हाच ठाऊक होतं. मग त्या बायकांना कशाला बोलावलंस? कोण कोण बोलतंय, ते वरच्यांना कळावं म्हणून?

ओंडिगो : आई, तुम्ही तरी हिला समजवा.

आई : नको जेवूस, लेका. मी आग्रह करणार नाही. पण उठू नकोस. माझ्या पोराला कुणी मारलं रे?