एक तिळगूळ उत्तरा मॅडमच्या हातावर

नाही, पण मला सांगा, चप्पल उचलायची कुणाला होती? मला तिळगूळ द्यायचा होता हो, तिळगूळ! तुम्हाला सांगतो, रंगकाम करताना परांचीवरून पडलो, खांद्याखाली सगळं गप्प झालं, त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून जो तो माझ्या तोंडात घालतो, मी कुणाच्या हातावर काही ठेवलेलं नाही... आणि वागळे इस्टेटमधल्या या यंत्र बनवणाऱ्या कंपनीवाल्यांनी मला हा चष्मा चढवला! यातून खोली आहे तशीच दिसते, फक्त ज्या वस्तूकडे बघाल तिच्याभोवती हिरवं कडं येतं, दोन सेकंद बघत राहिलात की समोरचा यंत्राचा हात जाऊन ती उचलतो. सोपं आहे ना? पण शिकवायला कोण, तर उत्तरा मॅडम! "नजर हलवू नका हं, साईनाथ!"

आता त्या बोलल्या की माझी मान खाली. आणि खाली काय? तर त्यांनी काढून ठेवलेल्या चपला! गेला हात, उचलली एक! मागून आई, "अरे मेल्या, वर बघ! पोरगी काय लादीवर सांडलीय?"

संक्रांत म्हणून आईनेच डबाभर लाडू आणलेले, ते असे कडक की पहिला यंत्राच्या चिमट्यातून गोटीसारखा सुटला तो थेट कंपनीच्या प्रफुल्ल सरांच्या चहात! "नजर हलवू नका, साईनाथ!" दुसरा धरला... धरला हो! आता फक्त मॅडमच्या तळहाताकडे बघायचं, दोनच सेकंद. तळहात पुढे आला, अंगठ्याला पेनाची शाई लागलेली... आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझी नजर वर गेली. चेहऱ्यावर. आणि हलेचना!

यंत्र जागच्या जागी थांबलं. का? तर म्हणे कुणाला लागू नये म्हणून, माणसाच्या चेहऱ्याकडे बघितलं की ते थांबतं! आणि मी काय बघतोय ते भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांना दिसतं! एवढा मोठा चेहरा, भोवती लाल कडं! प्रफुल्ल सर म्हणतात, "वा, आज नजर एकदम स्थिर!" अरे, आता तरी कुणी 'हलव' म्हणा ना!

शेवटी मॅडमनीच चिमट्यातून लाडू काढून घेतला. हसल्या. "घेतला तिळगूळ. आता गोड बोला की!"

हात दिला हो यांनी मला... पण बोलायचं काम अजून माझ्याचकडे! महिनाभर मनात जुळवलेलं सगळं अगदी ओठांवर आलं, आणि मी काय बोललो?

"सांभाळून चावा. कडक झालेत."